लाल हार्नेस आणि सोफ्यामागची चिंगी

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नावं बदलून त्याचा सारांश देते.

त्यांच्याकडे तीन वर्षांची देशी कुत्री आहे, चिंगी. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी तिला लवंगेचा वास हुडकायचा खेळ शिकवायला घेतला. कापसाच्या काडीला लवंग तेलाचा वास लावायचा, काडी भोकं पाडलेल्या डबीत ठेवायची, डबी घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये लपवायची आणि चिंगीने ती शोधायची. प्रशिक्षकाने सांगितलं होतं, की या खेळासाठी वेगळा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, ठेवा, तो चढला की कुत्र्याला कळतं आता नाकाचं काम आहे. ताईंनी लाल हार्नेस आणला. दोन महिने छान गेले. मग चिंगी गळपट्ट्याला ओढताना खोकते म्हणून सासरे तिला त्याच हार्नेसमध्ये फिरायला नेऊ लागले. आता सकाळ-संध्याकाळ ती नाक जमिनीला लावून ओढते, एकदा सासरे पडता पडता वाचले. आणि खेळाच्या वेळी हार्नेस खणातून बाहेर काढला, की ती सोफ्यामागे जाऊन बसते. दिवाळीत पाहुण्यांसमोर खेळ करून दाखवायला गेले तेव्हा तर ती जागची हललीच नाही. ताईंचे यजमान म्हणतात, ‘पोलिसांच्या त्या झंजीर कुत्र्याला कुठे कपडे घालावे लागत होते? खरं शिकलेलं कुत्रं शब्दावर काम करतं.’ ताईंचा प्रश्न असा: हार्नेस सोडून फक्त शब्दावर शिकवू, की सासऱ्यांना हार्नेस वापरू नका म्हणून सांगू? आणि चिंगी आळशी झाली आहे का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि एक हिशोब मांडला. सासरे चिंगीला दिवसातून दोनदा नेतात, म्हणजे आठवड्याला चौदा वेळा. तुमचा खेळ शनिवार-रविवार, म्हणजे दोन वेळा. लाल हार्नेस आठवड्यात सोळा वेळा चढतो आणि त्यातल्या चौदा वेळा त्याच्यानंतर येतो जिना, फाटक, कोपऱ्यावरचा विजेचा खांब आणि वाण्याच्या दुकानाची पायरी. लवंग येते दोनदा. आता तुम्हीच सांगा, या हार्नेसचा अर्थ चिंगीने काय लावावा?

ती विसरलेली नाही आणि आळशी तर मुळीच नाही. हार्नेसचा अर्थ ‘फिरायला जायचं’ असा तिने लावला आहे आणि तो बरोबर आहे. फक्त तो तुमच्या मनातला अर्थ नाही.

माझ्या आजोळी बैलजोडी होती. आजोबांनी जू उचललं, की डावा बैल आपण होऊन मान पुढे करायचा. लहानपणी मला वाटायचं, आजोबा त्याच्या कानात काहीतरी सांगतात. ते काही सांगत नसत. जू खांद्यावर आलं की शेतात जायचं, हे इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं, एवढंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची, हळद-तुपाने खांदे चोळले जायचे, आणि दुसऱ्या दिवशी जू नाही, झूल. झूल चढली की तोच बैल वेगळी पावलं टाकायचा. अंगावर काय चढलं यावरून त्याला आजचा दिवस कसला आहे ते कळायचं. आणि झूल चढवून कधी कोणी नांगराला जुंपलं नाही, म्हणूनच कळायचं.

तुमच्या प्रशिक्षकाने सांगितलं ते चूक नव्हतं, अर्धं होतं. हार्नेस आणला म्हणजे खूण तयार झाली, असं नसतं. त्याच्यानंतर दर वेळी काय घडतं, त्यातून खूण तयार होते, आणि घडणं बदललं तर तीच वस्तू, तोच रंग, तेच बकल असूनही खूण पुसली जाते.

आता सोफ्याकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट ती आहे. हार्नेसचा अर्थ नुसता ‘फिरायला’ झाला असता, तर चिंगी दाराकडे धावली असती. ती लपते. म्हणजे वेळ, जागा आणि तुमचा चेहरा यांवरून फिरायला जायचं नाही आणि खेळ आहे हे तिला कळतं, आणि तो खेळ तिला नको आहे. तुम्ही ओघात लिहून गेलात, की दिवाळीत पाच-सहा पाहुणे होते, डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली होती, तिला सापडेना तेव्हा सगळेच ‘अगं शोध ना, शोध’ म्हणत होते आणि शेवटी यजमानांनी बोट दाखवलं. ताई, तो प्रसंग तिच्या बाजूने बघा. उंचावरच्या डबीचा वास खाली पंख्याच्या वाऱ्याने विखुरलेला, आजूबाजूला दहा-बारा पाय, फराळाचे वास, आणि तिची सगळ्यात विश्वासाची माणसं एकच शब्द वरच्या पट्टीत पुन्हा पुन्हा म्हणताहेत. त्या दिवशी अंगावर काय होतं? लाल हार्नेस. एका फटक्यात वस्तू नासते ती अशी.

शिवाय एक साधी गोष्ट तपासा. तुमच्या वर्णनावरून हा हार्नेस डोक्यातून घालावा लागतो. पुष्कळ कुत्र्यांना डोक्यावरून काही येणं आवडत नाही. फिरायला जायच्या आनंदात ती सहन करतात, एरवी मागे सरतात. आजच चिंगीच्या पुढच्या पायांच्या काखेत बोट फिरवून बघा. देशी कुत्र्यांचे केस आखूड असतात. पट्टा घासून तिथे लालसरपणा किंवा विरळ केस असतील, तर बाकीचं सगळं नंतर, आधी ते बरं करा.

तुम्ही दोनच वाटा समोर ठेवल्या आहेत, हार्नेस सोडायचा की सासऱ्यांकडून काढून घ्यायचा. मला तिसरी सुचते. लाल हार्नेस सासऱ्यांनाच देऊन टाका. चिंगीने त्याचा निकाल कधीच लावला आहे, तो फिरण्याचा आहे, आणि त्यांची सोयही त्यात आहे. ती खोकत नाही म्हणून त्यांनी तो घेतला, हे त्यांनी मायेनेच केलं. फक्त त्याला छातीवर कडी आहे का पाहा, असली तर दोरी पाठीऐवजी तिथे लावा. पाठीवरून दोरी असली की कुत्रं सगळं वजन टाकून ओढू शकतं. छातीवरून ओढलं की ते बाजूला वळतं आणि जोर कमी होतो. ती ओढते याला थोडं कारण आपणही आहोत. पहिले दोन महिने याच हार्नेसमध्ये नाक लावून वासामागे धावल्याबद्दल तिला उकडलेलं चिकन मिळत होतं. फिरताना दर आठ-दहा पावलांना दोन मिनिटं मनसोक्त हुंगू द्या, ओढण्याचं कारणच कमी होईल.

खेळासाठी मग नवं काहीतरी हवं. पण ते हार्नेसच का? डब्यांचा खेळ तुम्ही घरात आणि बंद पार्किंगमध्ये, दोरीशिवाय खेळता. दोरीच नाही, तर हार्नेसचं तिथे काम काय? एक सुती रुमाल गळ्याभोवती सैल बांधा, दोन बोटं आरामात जातील एवढा. फिरायच्या पट्ट्यापेक्षा त्याचा स्पर्श अगदी वेगळा असावा. रंगावर फार विसंबू नका. लाल तुम्हाला उठून दिसतो, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. निळा आणि पिवळा त्यांना चांगले दिसतात. तिच्यासाठी खरी ओळख रुमालाचा स्पर्श, त्याची सळसळ आणि त्याचा वास ही आहे.

वास म्हटल्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरात चुकते. तुमचा हार्नेस, लवंगेची बाटली आणि खाऊची पिशवी, सगळं एकाच खणात आहे असं तुम्ही लिहिलंत. कुत्र्याच्या नाकात वास टिपणारे ग्राहक वीस कोटींहून जास्त असतात, आपल्या नाकात साधारण पन्नास-साठ लाख. त्या खणात महिनाभर राहिलेला हार्नेस तिच्यासाठी लवंगेचा हार्नेस झाला. मग लवंग हुडकायला निघालेल्या कुत्रीच्या छातीवरच लवंग! रुमाल झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा, लवंग दुसऱ्या खोलीत. काडी चिमट्याने धरा, आणि डबी लपवून झाल्यावर हात धुतल्याशिवाय रुमालाला हात लावू नका. लवंग तेल जहाल असतं, ते तिच्या अंगाला किंवा जिभेला लागू देऊ नका. काड्यांच्या बरणीत एका कागदावर थेंबभर तेल टाकून झाकण लावून ठेवलं तरी काड्यांना पुरेसा वास लागतो.

आणखी एक प्रश्न तुम्हाला पडलेला नाही, तो मी विचारते. पहिल्या दोन महिन्यांत चिंगी हार्नेसमुळेच कामाला लागत होती, हे कशावरून?

माझ्याकडे एक लॅब्रेडॉर होता. पिवळा पट्टा बांधला की तो थरथरायला लागायचा, शेपटी ताठ, नाक चालू. पट्टा किती पक्का बसला आहे, असं मी सहा महिने सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. एकदा पावसाळ्यात पट्टा ओला होता म्हणून बांधलाच नाही, नुसता खाऊचा स्टीलचा डबा उघडला. झाकणाचा तो ‘टक’ आवाज झाला आणि हा तसाच थरथरला, तसाच निघाला. दुसऱ्या दिवशी डबा न उघडता पट्टा बांधला. तो माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिला. खूण पट्टा नव्हता, झाकण होतं. पट्टा बांधायच्या आधी दर वेळी मी डबा उघडत होते, त्यामुळे पट्ट्याला सांगायला काही उरलंच नव्हतं. कोणती गोष्ट खूण आहे हे आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं, पण कुत्रं ते आपलं आपण ठरवतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी घडणारी गोष्ट धरतं.

म्हणून या शनिवारी खेळू नका. मोबाइल कपाटावर टेकवून ठेवा आणि तुम्ही खणाला हात लावल्यापासून चिंगी निघेपर्यंतच्या मिनिटभराचं चित्रण करा. नंतर आवाज बंद करून बघा. तिचे कान कधी उभे राहतात, ती कधी उठते, कधी मागे सरते? खणाच्या आवाजाला? तुम्ही केस बांधता तेव्हा? बघायचं तिच्याकडे, आपल्याकडे नाही.

मग रुमाल. पहिले चार-पाच दिवस खेळ नाहीच. रुमालाचं कडं करून हातात धरा आणि थांबा. तिने आपण होऊन नाक पुढे केलं, की एक तुकडा. तिच्या अंगावर रुमाल न्यायचा नाही, तिने रुमालाकडे यायचं. नाही आली तर त्या दिवशी काही नाही, रागही नाही, लाडीगोडीही नाही. ती मान आत घालू लागली की पुढचं पाऊल. डबी आधीच ठेवलेली असू दे, दाराच्या आत तीन पावलांवर, जमिनीवर, वर चिकनचा तुकडा. रुमाल बांधला, दार उघडलं, आणि पाच सेकंदांत तिला डबी सापडली. पुन्हा एक, पुन्हा एक. तीन झाल्या की लगेच रुमाल सोडा. सगळं मिळून दोन मिनिटं. ‘आणखी एकदा’ हा मोह आवरा.

रुमाल सोडणं हेसुद्धा काम आहे, ते घाईत उरकू नका. खूण चढण्याइतकीच उतरणंही स्पष्ट असावं लागतं, नाहीतर रुमाल अंगावर ठेवूनच ती सोफ्यावर झोपते, दारावरच्या माणसावर भुंकते, आणि पुन्हा तोच घोळ. पण रुमाल सुटला म्हणजे मजा संपली असंही तिला वाटायला नको. सोडला की चार दाणे जमिनीवर विखरा आणि तिला निवांत टिपू द्या. आणि बांधलेला रुमाल घालून तिला एकटी कधी सोडू नका, कुठेतरी अडकतो.

पार्किंग वगैरे दोन आठवड्यांनी. पुढे कधी टेकडीवर माणसाचा माग काढायला शिकवलंत, तर लांब दोरी लागेल आणि मग हार्नेस खरोखर हवा, कारण ताणलेली दोरी गळ्याला लागली की कुत्रं नीट हुंगू शकत नाही. तेव्हा मानेपाशी बकल उघडणारा, पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा, खांदे मोकळे सोडणारा घ्या. माग काढणाऱ्यांची एक जुनी रीत तुम्हाला उपयोगी पडेल: हार्नेस घातलेला असतो, पण सुरुवातीच्या जागेपर्यंत दोरी गळपट्ट्याला. तिथे पोचल्यावर हूक काढून पाठीच्या कडीत अडकवायचा. त्या एका ‘खट’ आवाजात कुत्र्याला कळतं, की आतापर्यंत चालणं होतं, इथून काम. ज्यांच्या घरी सगळ्याला मिळून एकच हार्नेस आहे आणि दुसरा घेणं जमत नाही, त्यांनीही हीच युक्ती करावी, फिरताना हूक छातीच्या कडीत, कामाला पाठीच्या.

आता यजमानांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. रुमाल घरी विसरला म्हणून कुत्रं अडून बसावं, असं व्हायला नको. पण शब्द वरच्या पायरीचा आणि रुमाल खालच्या पायरीचा, हे मला पटत नाही. शब्द तुम्ही म्हणता तेव्हा एक, यजमान म्हणतात तेव्हा दुसरा, दिवाळीतल्या पाहुण्यांनी म्हटला तो तिसराच. रुमालाला सर्दी होत नाही, तो वैतागत नाही. आणि झंजीरबद्दल सांगायचं, तर पुण्यातल्या शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झालेला तो कुत्रा 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत कामाला होता आणि तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. पथकातल्या कुत्र्याचे हस्तक, म्हणजे त्याला हाताळणारी माणसं, ठरलेले असतात. गाडी, गणवेश, पथकाची घाई, सगळा दिवसच त्याला सांगत असतो की काम आहे. चिंगीला तुमच्या दिवाणखान्यात, चार माणसांच्या घरात, तोच सोफा आणि तीच फरशी असताना कळायला हवं, की आता जेवणाची वेळ नाही, नाकाची आहे. तिला खुणेची गरज जास्त आहे.

शब्द शिकवा, जरूर शिकवा. फक्त क्रम सांभाळा. शब्द आणि रुमाल एकदम दिलेत तर ती रुमालच धरेल, शब्द तिच्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होईल. आधी शब्द, मग मनात ‘एक’ म्हणण्याइतका थांबा, मग रुमाल. काही दिवसांनी तो थांबा तीन सेकंदांचा करा. शब्द ऐकूनच ती दाराकडे वळली, की समजा शब्दात जीव आला. आणि ‘शोध’ हा शब्द घेऊ नका, तो दिवाळीत खर्ची पडला. ‘हुडक’ म्हणा. छोटा आहे, घरात एरवी कोणी म्हणत नाही, आणि यजमानांनाही नव्याने शिकावा लागेल.

अजून एक खूण तुमच्या घरात आहे, ती तुम्ही स्वतः. डबी कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं. त्या कोपऱ्याजवळ तुमची पावलं मंदावतात, श्वास रोखला जातो. 2011 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अठरा प्रशिक्षित कुत्रे आणि त्यांचे हस्तक यांची चाचणी छापली. खोल्यांमध्ये वास कुठेच ठेवलेला नव्हता, पण हस्तकांना तो आहे असं सांगितलं होतं आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूण असेल असंही. तरी बहुतेक फेऱ्यांत कुत्र्याने इथे आहे असं दाखवल्याची नोंद हस्तकांनी केली, आणि लाल कागदापाशी ती जास्त झाली. कसलेल्या लोकांचं असं होतं, तर आपलं होणारच. चिंगी आठ महिन्यांत लवंग किती शिकली आणि तुमच्या खांद्यांची भाषा किती शिकली, हे पाहायचं तर डबी दुसऱ्या कोणीतरी लपवायला हवी.

उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा खेळ सकाळी सातच्या आत. धापा टाकणारं कुत्रं तितकं नीट हुंगू शकत नाही.

आणि सासऱ्यांना लाल हार्नेस कायमचा देताना एक काम पण द्या. ते दिवसभर घरी असतात, चिंगीचा त्यांच्यावर जीव आहे, आणि त्या ओढाओढीनंतर तेही थोडे धास्तावले असतील. रुमालाचा पहिला आठवडा पार पडला, की डबी त्यांनाच लपवू दे. खाली वाकायला नको, खुर्चीच्या बैठकीवर ठेवली तरी चालेल. आणि कुठे ठेवली ते तुम्हाला मुळीच सांगू नका, असं त्यांना बजावा.